सातारा-सांगलीहून नेपाळच्या शाळेत: इंग्रजी शिकवायला व्हॉलंटियर म्हणून जाणाऱ्यांसाठी

परदेशात व्हॉलंटियर म्हणून इंग्रजी शिकवायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "पण आपलं इंग्रजी तेवढं चांगलं कुठंय?" कराड, विटा, वाई, तासगावकडून निघणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा हा प्रश्न असतो. पाचवी-सहावीच्या वर्गाला शिकवायला लागतं तेवढं इंग्रजी मराठी माध्यमातून पदवी घेतलेल्या बहुतेकांकडे असतं. शिवाय ज्याने इंग्रजी दुसरी भाषा म्हणून घोकून शिकली, त्याला ती कुठे अडते हे आतून माहीत असतं. कमी पडते ती वेगळीच गोष्ट: चाळीस मुलांसमोर चाळीस मिनिटं उभं राहायची सवय. ती इथेच लावून घ्यावी लागते आणि त्याला दीड-दोन महिने लागतात.

हा लेख नेपाळ धरून लिहिला आहे. भारतीय नागरिकाला नेपाळला व्हिसा लागत नाही आणि 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे तिथे राहण्याचीही मोकळीक आहे. इतर देशांच्या लोकांना टुरिस्ट व्हिसावर शाळेत फुकट शिकवणंही तिथे बेकायदा ठरतं. आपल्याला ही अडचण नाही. पहिल्या खेपेला यापेक्षा सोपा परदेश मिळणं कठीण. थायलंड आणि आफ्रिकेबद्दल पुढे थोडक्यात आहे.

आधी कॅलेंडर

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सुट्टी, म्हणून तेव्हाच जायचं ठरतं. नेपाळचं शैक्षणिक वर्ष वैशाखात सुरू होतं आणि त्यांचा वैशाख आपल्या पंचांगातला नव्हे. तो सौर महिना, 14 एप्रिलच्या आसपास सुरू होणारा. पहिले दोन आठवडे भर्ना, म्हणजे नावं दाखल करण्यात आणि पुस्तकांची वाट बघण्यात जातात. तुम्ही गेलात तर ऑफिसात बसून रजिस्टरवर रेघा मारून द्याल. पुढे असारात, म्हणजे मध्य जून ते मध्य जुलै, भात लावणी. 15 असारला तर लावणीचा सणच असतो. खेड्यातली निम्मी पोरं चिखलात, रस्ते दरडींनी बंद आणि पायाला जळवा. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात दशैं, म्हणजे त्यांचा दसरा, पाठोपाठ तिहार, म्हणजे दिवाळी, आणि छठ. चैत्रात, म्हणजे मध्य मार्चपासून, वार्षिक परीक्षा.

हे सगळं वजा केलं की सलग शिकवायला उरतो तो मध्य नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उंच डोंगराळ भागात पौष-माघात हिवाळी सुट्टी असते, म्हणून त्या काळात जायचं तर शाळा मध्यम उंचीवरची किंवा तराईतली, म्हणजे दक्षिणेच्या सपाट पट्ट्यातली, निवडा. थंडी असतेच. महाबळेश्वरच्या थंडीवरून अंदाज बांधू नका. वर्गात हीटर नसतो, खिडक्यांना काचा असतीलच असंही नाही, आणि तुम्ही दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभे असता. आतून घालायचे थर्मलचे 2 जोड आणि जाड मोजे इथूनच घ्या.

आठ आठवड्यांपेक्षा कमी वेळ असेल तर शाळेत जाऊ नका, फिरायला जा. पहिले दोन आठवडे मुलं तुमचा उच्चार समजून घेण्यात घालवतात आणि शेवटचा आठवडा निरोपात जातो. तीन आठवडे येऊन जाणारा पाहुणा शाळेला मदतीपेक्षा काम जास्त देतो.

शाळा तारखा विक्रम संवतात सांगतात. हे वर्ष इंग्रजी सनाच्या 56-57 वर्षं पुढे असतं, महिनेही त्यांचेच, त्यामुळे "मंसिर 1 गते" (मंसिर महिन्याची 1 तारीख) म्हटलं की घोटाळा होतो. फोनमध्ये नेपाळी कॅलेंडरचं ॲप टाका. घड्याळही आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे करायचं. सीमा ओलांडल्यावर हे न केल्यामुळे परतीची बस चुकवणारे कमी नाहीत.

इथेच करायचा सराव

जायच्या आधी किमान 20 तास वर्गात उभं राहा. झेडपीच्या शाळेत किंवा रयतच्या एखाद्या हायस्कुलात मुख्याध्यापकांना भेटून आठवड्यातून दोन तास मागितले तर सहसा नाही म्हणत नाहीत. पण तिथे एक पळवाट असते: मुलांना कळलं नाही की आपण मराठीत सांगून मोकळे होतो. म्हणून निम्मे तास अशा ठिकाणी करा जिथे मराठी चालत नाही. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत बिहार-ओडिशाकडून आलेल्या कामगारांची मुलं असतात. संध्याकाळी दहा-बारा मुलं जमवून शिकवा. आधाराला भाषा नसली की हात, चेहरा आणि फळा कसा वापरायचा हे आपोआप येतं. विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर पोहोचले ते असेच, समोरच्याची भाषा येत नसताना धंद्याला सुरुवात करून.

त्याच काळात स्वतःचा आवाज तीन मिनिटं फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. आपल्या भागातल्या माणसाच्या इंग्रजीत ठरलेल्या तीन खोडी सापडतात. 'अ' आणि 'द' गळणं. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'सारखी वाक्यं. आणि व-व्हचा गोंधळ. 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकले पाहिजेत, 'वन' म्हणताना ओठ गोल. आरशासमोर आठवडाभर दहा-दहा मिनिटं केलं तरी पुरतं.

ऑनलाइन 120 तासांचा टेफेल (परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स नेपाळच्या शाळेसाठी सक्तीचा नाही. केला तर धड्याची आखणी शिकायला मिळते, पण त्यात खरी मुलं समोर नसतात. पुढे पगारी शिक्षक व्हायचा विचार असेल तरच केंब्रिजच्या सेल्टासारख्या महागड्या कोर्सकडे वळा. त्यात प्रत्यक्ष वर्गात 6 तास शिकवून दाखवावं लागतं आणि कोर्सची खरी किंमत त्या 6 तासांत आहे.

शाळा शोधणं आणि नको त्या जागा ओळखणं

साधारण पाच-सहा महिने आधी सुरुवात करा. वाटा तीन. एआयसेकसारखी विद्यार्थी संघटना: 18 ते 30 वयाच्या मुलांसाठी साधारण सहा-आठ आठवड्यांचे प्रकल्प असतात (आठ आठवड्यांचाच घ्या) आणि पुण्यात तिची शाखा आहे. दुसरी, वर्कअवेसारखी संकेतस्थळं: वर्षाची वर्गणी भरायची, दिवसाला साधारण पाच तास कामाच्या बदल्यात राहणं-जेवण. तिसरी आणि आमच्या मते सगळ्यात चांगली, ओळखीतून थेट एखाद्या सामुदायिक शाळेशी बोलणं. सामुदायिक म्हणजे आपल्याकडची सरकारी. या शाळांचा कारभार नगरपालिका किंवा गाउँपालिकेच्या शिक्षण शाखेकडे असतो, म्हणून मुख्याध्यापकांच्या पत्राबरोबर पालिकेलाही कळवलंय ना हे विचारून घ्या.

पैसे मागितले तर हिशोब मागा: खोलीचे किती, जेवणाचे किती, शाळेला किती, संस्थेला किती. जो हे चार आकडे लिहून देत नाही, त्याला नमस्कार करा. एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर आगाऊ रक्कम कधीच नको.

अनाथालयात शिकवायची जागा मिळत असेल तर घेऊ नका. नेपाळ आणि कंबोडियात परदेशी पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून आईवडील असलेली खेड्यातली मुलं आणून ठेवण्याचे प्रकार उघड झाले आहेत. ऑस्ट्रेलियाने 2018 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या व्यवहाराची दखल घेतली. तुम्ही दिलेला एक महिना त्या धंद्याला गिऱ्हाईक पुरवतो. शाळेत मूल संध्याकाळी घरी जातं. हा फरक पुरेसा आहे.

आणखी एक सापळा हल्ली फोनवर येतो: थायलंडमध्ये इंग्रजी शिक्षक किंवा 'डिजिटल' नोकरी, तिकीट आमचं, मुलाखत व्हॉट्सॲपवर. बँकॉकला उतरवून पुढे रस्त्याने म्यानमारच्या सीमेकडे, माए सोतच्या बाजूला नेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर कोंडून काम करून घेतात. परराष्ट्र मंत्रालयाने याबद्दल सूचना काढल्या आहेत. परदेशी नोकरीच्या एजंटाचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेलं आहे का, ते आधी बघा.

कागदपत्रं

नेपाळला विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्ड 15 ते 65 वयाच्या माणसाला चालत नाही. याच कारणाने विमानतळावरून परत फिरावं लागू शकतं. पासपोर्ट नसेल तरी काढून ठेवा. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज भरून जवळचं केंद्र निवडायचं. 36 पानांच्या साध्या पासपोर्टला 1500 रुपये, तत्काळला वर आणखी 2000. अडतं ते पोलीस पडताळणीत: कॉलेजसाठी पुण्यात राहताय आणि पत्ता गावचा दिलाय, तर पोलीस येतात तेव्हा तुम्ही सापडत नाही. त्या आठवड्यात गावी थांबा. दहावीची मूळ सनद बरोबर न्या. दहावी उत्तीर्ण असाल तर 'नॉन-ईसीआर', म्हणजे स्थलांतराची वेगळी सरकारी तपासणी न लागणारा पासपोर्ट मिळतो आणि पुढे दुसऱ्या देशात नोकरीला जाताना एक कटकट वाचते.

शाळा चारित्र्याचा दाखला मागेल, मागितला नाही तरी न्या. महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मिळतं. इतर देशांसाठी पासपोर्ट सेवेतूनच पीसीसी, म्हणजे पोलिसांचं ना-हरकत प्रमाणपत्र, काढावं लागतं. त्याशिवाय पदवीच्या दोन प्रती, 8 पासपोर्ट फोटो (सिमकार्डालाच एक-दोन जातात) आणि पूर्ण मुदतीचा प्रवास विमा. घरचा आरोग्य विमा सहसा सीमेपलीकडे लागू होत नाही. सुट्टीत ट्रेकिंगला जायचं असेल तर विमा किती उंचीपर्यंत चालतो ते वाचा.

टायफॉइड आणि हेपटायटिस ए च्या लसींबद्दल डॉक्टरांशी दीड महिना आधी बोला. खेड्यात राहणार असाल तर कुत्रा चावण्याआधी घ्यायच्या रेबीजच्या लसीबद्दलही विचारा.

पैशांचं सोपं आहे. 100 भारतीय रुपये म्हणजे 160 नेपाळी, हा दर ठरलेला आहे. रोख शंभरच्या नोटांत न्या, मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत. एटीएम कार्डावरचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून सुरू करावा लागतो, तो मुळात बंद असतो. शहरात काही दुकानांत यूपीआय चालतं, गावात धरून चालू नका. परतीचं भाडं आणि एका महिन्याचा खर्च वेगळ्या पाकिटात ठेवा आणि त्याला हात लावू नका.

रेल्वेने जायचं तर पुणे किंवा मुंबईहून गोरखपूर, तिथून बसने तीन तासांत सुनौली, सीमा चालत ओलांडून भैरहवा आणि पुढची बस. घरून पाहुण्यांसाठी काही न्यायचं असेल तर कंदी पेढ्यांपेक्षा जास्त टिकणारं काही बघा. तासगावचा बेदाणा एक किलो न्या, महिनाभर टिकतो.

वर्ग: एक तास जवळून

अभ्यासक्रम विकास केंद्राची (सानोठिमी, भक्तपूर) सरकारी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये आहेत. तुमच्या इयत्तेचं पुस्तक इथेच उतरवून वाचा. दहावीला त्यांची एसईई ही बोर्डाची परीक्षा असते, म्हणून नववी-दहावीचे वर्ग शाळा तुम्हाला देणार नाही आणि तुम्ही मागूही नका. चौथी ते सातवी मागा. तिथल्या इंग्रजी शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा: "तास तुमचाच, मी मदतीला." ते वर्गाबाहेर जाऊन बसले तर तुम्ही गेल्यावर सगळं होतं तिथे येतं.

समजा सहावीचा वर्ग, 40 मुलं, 40 मिनिटं, विषय भाजी विकत घेणं. शब्द सहाच: पोटॅटो, टोमॅटो, अनियन, किलो, हाउ मच, चेंज. दहा घेतले तर एकही राहत नाही.

पहिली पाच मिनिटं कालची उजळणी. मग पिशवीतून खरा बटाटा काढा. चित्र नको, वस्तू हवी. शब्द तुम्ही दोनदा म्हणा, सगळ्या वर्गाने तीनदा, मग एकेक रांग, मग चार-पाच मुलं एकटी. सहा शब्दांना सात-आठ मिनिटं. त्यानंतर वाक्य: "हाउ मच इज वन किलो?" आणि उत्तर, "फिफ्टी रुपीज." आता जोड्या. बाक हलवता येत नाहीत, म्हणून पुढच्या बाकावरच्यांनी मागे तोंड करायचं. पुढचा दुकानदार, मागचा गिऱ्हाईक, पाच मिनिटांनी अदलाबदल. शेवटी तीन जोड्या फळ्यासमोर आणि चार ओळी वहीत.

बिघडतं ते जोड्या लावताना. नवशिका इंग्रजीत लांबलचक सूचना देतो, मुलं एकमेकांकडे बघतात आणि गोंगाट होतो. सूचना देऊ नका, एका मुलाला पुढे बोलावून संवाद करून दाखवा. मग विचारा, "हू इज द शॉपकीपर? हॅंड्स अप." पुढच्या रांगेचे हात वर आले की सुरू करा. "डू यू अंडरस्टँड?" हा प्रश्न विचारायचाच नाही. त्याचं उत्तर कायम "यस सर" किंवा "यस मिस" असतं, कळो न कळो.

उच्चारांत मराठी माणसाकडे एक हत्यार आहे. नेपाळी 'च' हा आपल्या चमच्यातल्या 'च'सारखा, म्हणून 'चेअर' त्यांच्या तोंडी दंत्य येतो. आपल्याकडे चहाचा 'च' आणि चमच्याचा 'च' दोन्ही आहेत, त्यामुळे चूक लगेच ऐकू येते आणि दोन्ही करून दाखवता येतात. 'व्ह'च्या जागी ते 'भ' म्हणतात, पाट्यांवरही 'भिसा' असंच लिहिलेलं दिसेल. 'स्कूल'चं 'इस्कुल' होतं: त्यावर 'स्स्स्स' असा सापासारखा लांब आवाज काढायला लावा, मग थांबून 'कूल', मग दोन्ही जोडा. लिपी देवनागरीच असल्याने फळ्यावर इंग्रजी शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहायचा मोह होतो. आवरा. लिहिला की मुलं तोच वाचतात आणि 'भ' पक्का होतो.

छडी आणि चापट विसरा. 2018 च्या बालकांविषयीच्या कायद्याने तिथे शारीरिक शिक्षेला बंदी आहे. मुलांबरोबर दार लावून एकटं बसायचं नाही, फोटो शाळेला विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, मुलांना स्वतःचा नंबर द्यायचा नाही.

घरात आणि गावात

भाषा ओळखीची वाटते आणि तिथेच फसवते. जेवताना कुणी "मिठो छ?" विचारलं तर मीठ कसं आहे हे विचारलेलं नसतं. मिठो म्हणजे चवदार. मीठ म्हणजे नुन. आपल्या 'तू'सारखा 'तँ' मोठ्यांना कधीच नाही: मोठ्यांना तपाईं, मुलांना तिमी. वयाने मोठ्या बाईला दिदी, पुरुषाला दाइ.

शाळा साधारण दहा ते चार, म्हणून दालभात सकाळी नऊच्या सुमारासच होतो आणि दुपारी खाजा. खाजा म्हणजे तिथे मधलं खाणं, आपल्या जत्रेतलं गोड खाजं नाही. भाकरीची आठवण दुसऱ्या आठवड्यात येते, तेव्हा कोदोची, म्हणजे नाचणीची रोटी मागून बघा. उष्टं-खरकटं आपल्याइतकंच, कदाचित जास्त पाळतात. जुठो हा शब्द लक्षात ठेवा: तोंड लावलेली बाटली किंवा ताटातला घास दुसऱ्याला द्यायचा नाही. काही घरांत चुलीपाशी बाहेरच्याने जायचं नसतं, विचारून जा. साप्ताहिक सुट्टी शनिवारी, कपडे धुणं आणि बाजार त्याच दिवशी.

दुसरे देश, थोडक्यात

थायलंडमध्ये फुकट शिकवणं हेही कायद्याने काम धरलं जातं. योग्य व्हिसा आणि वर्क परमिट लागतं, फिरायला मिळालेल्या प्रवेशावर वर्गात उभं राहू नका. शाळा मेच्या मध्यापासून मार्चपर्यंत. केनिया, युगांडा, घाना अशा देशांसाठी पीतज्वराची लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो. तो नसताना परत आलात तर भारतात उतरल्यावर 6 दिवस वेगळं ठेवलं जाऊ शकतं. संयुक्त राष्ट्रांच्या यूएनव्ही कार्यक्रमात निर्वाह भत्ता मिळतो, पण तिथे अनुभव मागतात. नेपाळचे तीन महिने त्या अर्जात लिहिता येतात, म्हणून निघायच्या आधी मुख्याध्यापकांकडून तास, इयत्ता आणि तारखा असलेलं पत्र घ्या, तारखा दोन्ही सनांत.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही शिकवू नका. वापरलेले सगळे धडे, शब्दांच्या चिठ्ठ्या, बटाट्याच्या खेळाची रीत, कुठल्या वर्गाने काय चुकवलं याची नोंद, हे एका फाइलमध्ये लावून तिथल्या इंग्रजी शिक्षकांच्या हातात द्या. त्यांनी तुमच्या समोर त्यातला एक तास घेऊन बघितला की मगच बॅग भरा.